राजगिऱ्याच्या रोपांतील लाल रंग, सायटोकायनिन आणि खनिज आयन: प्रयोगाची सविस्तर मांडणी

राजगिऱ्याचे किंवा लाल माठाचे बी पूर्ण अंधारात रुजवले, तर तिसऱ्या दिवशी फिकट देठाची आणि पिवळसर बीजदलांची रोपे हाती येतात. या रोपांना सायटोकायनिन (पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या) वर्गातले एखादे संप्रेरक दिले, तर उजेडाचा स्पर्शही न होता 18 ते 24 तासांत त्यांच्यात लाल-जांभळा रंग उतरतो. ठरावीक मर्यादेत संप्रेरक जितके जास्त, तितका रंग गडद. म्हणूनच वनस्पतीच्या अर्कात सायटोकायनिन किती आहे हे ओळखण्यासाठी ही रोपे 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून वापरली जातात. 1973 मध्ये बिडिंग्टन आणि थॉमस यांनी या चाचणीची सुधारित पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही बहुतेक प्रयोगशाळा थोड्याफार फरकाने तीच पद्धत पाळतात.

या लेखाचा विषय मात्र संप्रेरकाच्या शेजारी द्रावणात असलेल्या क्षारांचा आहे. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट यांपैकी कोणता आयन किती आहे, यावर त्याच संप्रेरकाच्या त्याच मात्रेतून मिळणारा रंग कमी-जास्त होतो. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातील एलियट यांनी याच रोपांतील आयनांच्या नियमनावर स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. तरीही पदवी आणि पदव्युत्तर प्रकल्पांत क्षारांकडे ‘बफर’, म्हणजे सामू (पीएच) स्थिर ठेवणारे द्रावण, म्हणून पाहिले जाते आणि सगळे लक्ष संप्रेरकावर राहते. माझे ठाम मत आहे की द्रावणातले आयन लिहून ठेवलेले नसतील, तर या चाचणीतून आलेल्या सायटोकायनिनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पुढील मांडणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मिळणाऱ्या साधनांतून करता येईल अशी आहे.

रंग कुठून येतो

या रंगद्रव्याचे नाव अमरँथिन. ते बीटासायनिन गटातले, म्हणजे बीटाच्या कंदात असलेल्या बीटानिनचे जवळचे भावंड. टायरोसिन या अमिनो आम्लापासून पेशी आधी डोपा तयार करते. डोपाचा एक भाग बीटालॅमिक आम्लात आणि दुसरा सायक्लोडोपात रूपांतरित होतो. या दोहोंच्या संयोगातून लाल रंगाचा गाभा तयार होतो आणि त्याला शर्करेचे घटक जोडले गेल्यावर तो पेशीतील रिक्तिकेत साठवला जातो. या साखळीतला डोपाचे वलय उघडणारा विकर लोहावर चालतो, त्यामुळे आयनांचा संबंध अगदी रंगाच्या कारखान्यापर्यंत पोहोचतो.

एक खबरदारी इथेच घेतली पाहिजे. फॉस्फरस कमी पडला की मक्याची पाने जांभळी होतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. पण तो रंग अँथोसायनिनचा. राजगिरा, बीट, चाकवत, पालक यांच्या कुळात बीटालेन रंगद्रव्ये असतात आणि एकाच वनस्पतीत बीटालेन व अँथोसायनिन ही दोन्ही एकत्र आढळत नाहीत. म्हणून मका किंवा कोबी यांच्या रोपांवर झालेल्या खनिज-प्रयोगांचे निष्कर्ष राजगिऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सायटोकायनिनचा संदेश पेशीत पोहोचल्यावर रंगाच्या साखळीतील जनुके जागी होतात. उजेडही फायटोक्रोम या उजेड ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत हेच काम करतो आणि इतर संप्रेरकांपैकी गिबरेलिन व अ‍ॅब्सिसिक आम्ल त्याला विरोध करतात. अंधार, ठरावीक तापमान आणि शुद्ध द्रावण यांचा पुढे जो आग्रह धरला आहे, त्यामागचे कारण हेच आहे.

बियाणे निवडणे

किराणा दुकानात उपवासासाठी मिळणारा कच्चा राजगिरा स्वस्त असतो आणि बहुधा चांगला उगवतो. लाह्या केलेला अर्थातच चालत नाही. पांढऱ्या दाण्याच्या काही वाणांची रोपे उजेडातही हिरवीच राहतात आणि अशा वाणात संप्रेरक कितीही दिले तरी रंग जवळजवळ येत नाही. म्हणून प्रयोगाआधी चिमूटभर बी ओल्या टिपकागदावर खिडकीपाशी रुजवून पाहावे. देठ गुलाबी किंवा लाल झाला, तर वाणात रंग बनवण्याची क्षमता आहे. त्याच वेळी दुसरी डिश अंधारात ठेवावी. अंधारातही देठ गडद लाल होत असेल, तर तो वाण टाळावा, कारण संप्रेरकाशिवायचा मूळ रंगच इतका जास्त असेल की त्यावर पडणारी भर नीट मोजता येणार नाही. उजेडात लाल आणि अंधारात फिकट असे बी मिळाले की त्याचा एकच साठा कोरड्या डब्यात जपून ठेवावा आणि संपूर्ण प्रकल्प त्याच साठ्यावर करावा.

कृषी सेवा केंद्रातून आणलेले लाल माठाचे बी बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेले असते. असे बी वापरू नये.

पाणी, काच आणि कागद

आयनांचा प्रयोग पाण्यावरच बिघडतो. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या बोअरवेलचे पाणी जड असते; त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लिटरमागे काही मिलिमोलपर्यंत सहज असू शकते, म्हणजे आपण ज्या मात्रेची चाचणी घेणार आहोत तितकेच. घरगुती आरओचे पाणीही क्षारमुक्त नसते. बी रुजवण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत सर्व ठिकाणी डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि शक्य असेल तर त्याची विद्युतवाहकता मोजून वहीत नोंदवावी.

काचेची भांडी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून नंतर चार-पाच वेळा डिस्टिल्ड वॉटरने धुवावीत. टिपकागदातही कॅल्शियमचे अंश असतात. पोटॅशियमच्या प्रयोगाला त्याने फारसे बिघडत नाही, मात्र कॅल्शियमची कमी मात्रा तपासायची असेल तर कागद त्याच आम्लात भिजवून, आम्लाचा अंश उरणार नाही इतका धुऊन, वाळवून घ्यावा.

मूळ द्रावण: फॉस्फेट का टाळावे

रूढ चाचणीत सोडियम-पोटॅशियम फॉस्फेटचे बफर आणि त्यात टायरोसिन असते. संप्रेरक मोजणे एवढाच हेतू असेल तर ते उत्तम काम देते. आयनांचा अभ्यास करताना मात्र त्याचे दोन अडथळे होतात. एकूण 10 मिलिमोलर फॉस्फेटचे बफर डायसोडियम आणि मोनोपोटॅशियम क्षार समप्रमाणात घेऊन केले, तर त्यात आधीच 5 मिलिमोलर पोटॅशियम आणि 10 मिलिमोलर सोडियम असते. ज्या डिशवर आपण ‘पोटॅशियम शून्य’ असे लिहिणार, ती शून्य नसतेच. दुसरे म्हणजे फॉस्फेटमध्ये कॅल्शियम क्लोराइड घातले की कॅल्शियम फॉस्फेटचा गढूळपणा येऊ शकतो. मग मोजलेला परिणाम कॅल्शियम वाढल्याचा की फॉस्फेट कमी झाल्याचा, हे सांगता येत नाही.

म्हणून एमईएस हे बफर घ्यावे. त्याची सामू धरून ठेवण्याची क्षमता 6.1 च्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे या चाचणीला सोयीची. दुप्पट तीव्रतेचे मूळ द्रावण पुढीलप्रमाणे करावे. एक लिटरसाठी 3.90 ग्रॅम एमईएस आणि 0.36 ग्रॅम एल-टायरोसिन घ्यावे. टायरोसिन थंड पाण्यात फार हळू विरघळते, म्हणून ते आधी 60 ते 70 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ढवळून पूर्ण विरघळवावे, मग एमईएस घालावे, द्रावण थंड होऊ द्यावे आणि सामू 6.3 वर आणावा. सामू वाढवण्यासाठी सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड न वापरता ट्रिस बेस वापरावा, नाहीतर ज्या आयनाला दारातून बाहेर काढले तो खिडकीतून परत येईल. प्रयोगात हे द्रावण निम्मे होते, म्हणजे अखेरीस 10 मिलिमोलर एमईएस आणि 1 मिलिमोलर टायरोसिन राहते.

क्षारांची 200 मिलिमोलरची साठा-द्रावणे प्रत्येकी 100 मिलिलिटर करून ठेवावीत: पोटॅशियम क्लोराइड 1.49 ग्रॅम, सोडियम क्लोराइड 1.17 ग्रॅम, दोन रेणू पाणी असलेले कॅल्शियम क्लोराइड 2.94 ग्रॅम, सहा रेणू पाणी असलेले मॅग्नेशियम क्लोराइड 4.07 ग्रॅम. सगळे क्षार क्लोराइडचे घेण्यामागे कारण आहे. पोटॅशियम नायट्रेट घेतले तर नायट्रेट स्वतःच वनस्पतीत सायटोकायनिनच्या निर्मितीला चालना देते. अ‍ॅराबिडोप्सिस या संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत सायटोकायनिन बनवणारे एक जनुक नायट्रेट मिळताच सक्रिय होते, हे दाखवले गेले आहे. म्हणजे क्षाराचा परिणाम तपासताना आपण नकळत संप्रेरकच वाढवत असू.

संप्रेरक म्हणून 6-बेंझिल अमिनो प्युरिन, म्हणजे ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत बीएपी आणि द्राक्षबागायतदारांत सिक्स बीए या नावाने ओळखले जाणारे द्रव्य, सर्वांत सोयीचे. बागेत फवारण्यासाठी मिळणारे तयार द्रावण घेऊ नये, त्यात इतर मिश्रणे असतात; प्रयोगशाळेच्या दर्जाची पूड घ्यावी. 22.5 मिलिग्रॅम पूड एक-दोन मिलिलिटर 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून 100 मिलिलिटरपर्यंत पाणी घातले की 1 मिलिमोलर द्रावण तयार होते. यातून थोडे सोडियम येतेच, पण 5 मायक्रोमोलरसाठी हे द्रावण 200 पट विरल होते, त्यामुळे डिशमध्ये पोहोचणारे सोडियम 0.1 मिलिमोलरच्या आतच राहते. तरीही संप्रेरक नसलेल्या डिशमध्ये तेवढेच हायड्रॉक्साइडयुक्त पाणी, पूड न घालता, अवश्य टाकावे.

प्रयोगाचा आराखडा

इथे जरा थांबून विचार करावा, कारण बहुतेक प्रकल्प याच टप्प्यावर कच्चे राहतात. ‘पोटॅशियम दिल्यावर रंग वाढला’ एवढ्याने पोटॅशियम संप्रेरकाच्या परिणामाला मदत करते हे सिद्ध होत नाही. पोटॅशियमने संप्रेरकाशिवायही तितकाच रंग वाढवला असेल, तर संप्रेरकाशी त्याचा संबंध नाही. म्हणून प्रत्येक क्षार दोन प्रकारे द्यावा लागतो, संप्रेरकाशिवाय आणि संप्रेरकासह. किमान चार उपचार हवेत: काहीच नाही, केवळ क्षार, केवळ बीएपी, आणि दोन्ही. दोन्ही एकत्र दिल्यावर आलेली भर ही दोन स्वतंत्र भरींच्या बेरजेपेक्षा स्पष्टपणे वेगळी असेल, तरच परस्परक्रिया आहे असे म्हणता येते.

दुसरा प्रश्न ताणाचा. 40 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमुळे द्रावणाचा परासरण दाबही वाढतो. तेवढाच दाब देणारे, पण पेशीला आयन न पुरवणारे 80 मिलिमोलर मॅनिटॉल, म्हणजे 100 मिलिलिटरला 1.46 ग्रॅम, हा आवश्यक नियंत्रक आहे. मॅनिटॉलनेही पोटॅशियमसारखाच परिणाम झाला, तर श्रेय दाबाचे. सोडियम क्लोराइड पोटॅशियमइतकेच परिणामकारक ठरले, तर परिणाम एकसंयुजी आयनांचा सर्वसाधारण आहे. सोडियम मागे राहिले, तर तो पोटॅशियमचा खास. 20 मिलिमोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये पोटॅशियम तितकेच असते पण क्लोराइड नसते. त्याची एक डिश ठेवली की क्लोराइडबद्दलची शंका मिटते.

पोटॅशियमकडून अपेक्षा ठेवायला आधार आहे. काकडीच्या बीजदलांत सायटोकायनिनमुळे होणारी वाढ पोटॅशियमच्या सोबतीने अधिक होते, आणि याच बीजदलांतील हरितद्रव्यावर आधारलेल्या सायटोकायनिन-चाचणीत 40 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड मुद्दाम घालतात. पेशीतील सर्वांत मुबलक धन आयन पोटॅशियमच असतो. पेशी फुगण्यासाठी, प्रथिने बनण्यासाठी आणि कित्येक विकरांच्या कामासाठी तो लागतो. म्हणून 0, 5, 10, 20 आणि 40 मिलिमोलर अशी मालिका पोटॅशियमसाठी पुरेशी आहे.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक आहे. पेशीरसातील मुक्त कॅल्शियम सुमारे 100 नॅनोमोलर, तर पेशीभित्तिकेच्या बाजूला ते मिलिमोलरच्या पातळीवर असते. हजारो पटींची ही तफावत पेशी संदेशवहनासाठी वापरते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनाला बांधणारी औषधे वापरली असता राजगिऱ्यातील सायटोकायनिनचा परिणाम दबतो, असे दिसले. त्यावरून कॅल्शियमचा सहभाग सूचित होतो, पण बाहेरून जास्त कॅल्शियम दिले म्हणजे रंग वाढेलच असा त्याचा अर्थ होत नाही, कारण बाहेरचे कॅल्शियम पेशीभित्तिका घट्ट करते आणि पडद्याची पारगम्यताही बदलते. 0.1, 1 आणि 5 मिलिमोलर अशा तीन मात्रा घ्याव्यात. कॅल्शियम काढून घेऊन पाहायचे असेल, तर 1 मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य) घालावे, मात्र घातल्यानंतर सामू पुन्हा तपासावा. ईजीटीए असलेल्या डिशमध्ये पेशीपडदे गळू लागतात आणि तयार झालेले रंगद्रव्य बाहेरच्या द्रावणात उतरते. फक्त रोपातला रंग मोजला तर ‘कॅल्शियम नसल्याने रंग तयारच झाला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून बाहेरच्या द्रावणाचाही रंग मोजून तो एकूणात मिळवावा.

मॅग्नेशियम हे कॅल्शियमचे सोबती-नियंत्रक म्हणून उपयोगी पडते. फॉस्फेटचा परिणाम पाहायचा असेल तर तो एमईएसमध्ये स्वतंत्रपणे वाढवावा आणि त्यासोबत येणाऱ्या पोटॅशियमइतके पोटॅशियम क्लोराइड दुसऱ्या डिशला द्यावे. तांबे, ॲल्युमिनियम आणि फेरिक लोह यांच्या वाटेला पहिल्या फेरीत जाऊ नये: हे आयन बीटासायनिनचा थेट ऱ्हास वेगाने करतात, त्यामुळे निर्मिती घटली की बनलेले रंगद्रव्यच नष्ट झाले, हे वेगळे काढणे कठीण जाते.

प्रत्येक उपचाराच्या तीन किंवा चार डिश असाव्यात. लक्षात ठेवावे की सांख्यिकीत डिश हे एकक आहे, एका डिशमधली 25 रोपे म्हणजे 25 पुनरावृत्त्या नव्हेत. आठ उपचार, प्रत्येकी तीन डिश आणि डिशला 25 तुकडे म्हणजे 600 तुकडे होतात. दोघांनी मिळून एका बैठकीत करता येईल इतके हे काम आहे. यापेक्षा मोठा आराखडा एकाच दिवशी घेऊ नये, कारण पहिला आणि शेवटचा तुकडा कापण्यातले अंतर वाढत जाते.

रुजवण आणि अंधारातले काम

बी 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पाच मिनिटे ढवळावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. मोठ्या डिशमध्ये ओल्या टिपकागदावर विरळ पसरून, डिश ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, बीओडी इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत) 25 अंश सेल्सिअसला 72 तास ठेवावे. विदर्भात उन्हाळ्यात खोलीच्या तापमानावर विसंबून हा प्रयोग होत नाही.

पुढचे काम मंद हिरव्या प्रकाशात करावे. हिरवा प्रकाश ‘सुरक्षित’ मानला जातो, पण तो पूर्ण निरुपद्रवी नसतो. म्हणून एक जादा डिश कामाच्या वेळेइतकाच वेळ त्या प्रकाशात ठेवून पुन्हा अंधारात न्यावी आणि न उघडलेल्या डिशशी तिची तुलना करावी. फरक दिसला, तर दिवा आणखी मंद करावा. हिरव्या प्रकाशात लाल रंग काळपट दिसतो, त्यामुळे त्या उजेडात रंगाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

तुकडा असा कापावा. चिमट्याने रोपाचा देठ मधोमध हलकेच धरावा. बीजदलांच्या टोकावर बियाचे टरफल टोपीसारखे अडकलेले असते. ओल्या सुईच्या टोकाने ते मागून पुढे ढकलले की बीजदले न फाटता निघते. टरफल राहिले तर द्रावण बीजदलांपर्यंत पोहोचत नाही आणि पुढे अर्कात तपकिरी रंग उतरतो. मग नव्या ब्लेडने एकाच सरळ छेदात मूळ आणि देठाचा खालचा भाग काढून टाकावा, बीजदले आणि त्याखालचा साधारण एक सेंटिमीटर देठ ठेवावा. मूळ ठेवू नये, कारण ते स्वतः सायटोकायनिन तयार करते आणि आयन निवडून आत घेते. बोथट ब्लेडने देठ चेंगरला की पेशीरस गळतो, म्हणून दर शंभरेक तुकड्यांनंतर ब्लेड बदलावे.

कापलेले तुकडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये जमा करावेत, एकदा विसळावेत, टिपून घ्यावेत आणि मग यादृच्छिक पद्धतीने डिशमध्ये वाटावेत. सर्वांत सुबक रोपे पहिल्या डिशमध्ये जाण्याची प्रवृत्ती माणसात असतेच. एवढे केले तरी रोपाच्या आतला आयनांचा साठा शून्य होत नाही. बियातील फायटेट या फॉस्फरसच्या साठ्यात पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम बांधलेले असते आणि रुजताना ते मोकळे होते. त्यामुळे आपला ‘शून्य पोटॅशियम’ उपचार म्हणजे ‘बाहेरून न दिलेले पोटॅशियम’, असेच लिहावे.

उपचाराचे 10 मिलिलिटर द्रावण करण्यासाठी मूळ द्रावण 5 मिलिलिटर, ठरवल्याप्रमाणे क्षाराचे साठा-द्रावण, 50 मायक्रोलिटर बीएपी किंवा त्याचे नियंत्रक-पाणी, आणि उरलेले डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. 40 मिलिमोलर पोटॅशियमसाठी साठा-द्रावण 2 मिलिलिटर लागते. पाच सेंटिमीटरच्या डिशमध्ये टिपकागद ठेवून त्यावर 2 मिलिलिटर द्रावण घालावे. चार डिश झाल्यावर जे 2 मिलिलिटर उरते, त्यात सामू तपासावा, 0.1 पेक्षा अधिक फरक आढळला, तर तो उपचार पुन्हा करावा. तुकडे मांडून झाल्यावर डिश फॉइलमध्ये गुंडाळून 25 अंशांना 18 ते 24 तास ठेवाव्यात. किती तास ते एकदा ठरवले की सर्व फेऱ्यांत तेच पाळावे.

रंग काढणे आणि मोजणे

तुकडे टिपून चाचणी-नळीत घ्यावेत आणि त्यावर 4 मिलिलिटर अतिविरल ॲसेटिक आम्ल घालावे. एक लिटर पाण्यात 0.2 मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल पुरते. नळ्या फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवाव्यात आणि खोलीच्या तापमानाला वितळू द्याव्यात, असे तीनदा करावे. बर्फाचे स्फटिक पेशीपडदे फोडतात आणि रंग बाहेर येतो. वितळवण्याची घाई करून नळ्या गरम पाण्यात ठेवू नयेत, उष्णतेने बीटासायनिन लवकर बिघडते. अल्कली लागली तर ते पिवळे पडते, म्हणून आम्लाचा अंश ठेवलेला आहे.

अर्क मिनिटाला 4000 फेऱ्यांवर दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज करावा आणि वरच्या नितळ भागाचे प्रकाशशोषण 542 आणि 620 नॅनोमीटरवर मोजावे. 620 वर बीटासायनिन जवळजवळ शोषण करत नाही, तिथला आकडा गढूळपणाचा. तो पहिल्यातून वजा करावा. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल, तर 540 च्या हिरव्या फिल्टरचा कलरीमीटर सापेक्ष तुलनेसाठी चालतो, मात्र अर्क अगदी नितळ हवा.

अमरँथिनचा मोलर शोषणांक सुमारे 56,600 धरला, तर वजाबाकीनंतरचा आकडा 0.170 आल्यास अर्कातील तीव्रता 0.170 भागिले 56,600, म्हणजे सुमारे 3 मायक्रोमोलर. 4 मिलिलिटर अर्कात ते 12 नॅनोमोल, आणि 25 तुकड्यांवर वाटले तर तुकड्यामागे 0.48 नॅनोमोल होते. केवळ शोषणाचा आकडा देण्यापेक्षा असा आकडा द्यावा, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेला तुलना करता येते.

आकड्यांचा अर्थ

चार उपचारांचे निकाल आल्यावर द्विघटकी विचरण विश्लेषण (टू-वे अनोव्हा) करावे आणि त्यातील परस्परक्रियेची ओळ आधी पाहावी. ती महत्त्वाची निघाली, तर पुढची फेरी संप्रेरकाच्या मात्रांची घ्यावी: बीएपी 0, 0.05, 0.5 आणि 5 मायक्रोमोलर, प्रत्येक मात्रा क्षाराविना आणि क्षारासह. बीएपीची मात्रा लघुगणकी मापावर आडव्या अक्षावर घेऊन दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढावेत. क्षाराने वक्र डावीकडे सरकला पण शिखर तेवढेच राहिले, तर क्षारामुळे पेशी संप्रेरकाला अधिक संवेदनशील झाली, किंवा संप्रेरक आत जाणे सोपे झाले, असा अर्थ निघतो. अर्ध्या परिणामाची मात्रा तीच राहून शिखर उंचावले, तर संदेश पूर्वीइतकाच आहे, पण रंग बनवण्याची क्षमता वाढली आहे. टायरोसिनच्या वाहतुकीला किंवा प्रथिननिर्मितीला क्षाराने हातभार लावला, असा तर्क मग करता येतो; टायरोसिनची मात्रा बदलून तो तपासताही येतो. या दोन चित्रांतला भेद हा या संपूर्ण प्रयोगाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि एकाच मात्रेवर केलेल्या प्रयोगातून तो कधीच कळत नाही.

एकाच दिवसाच्या निकालावर थांबू नये. तोच आराखडा वेगळ्या दिवशी, नव्याने रुजवलेल्या रोपांवर आणि नव्याने केलेल्या द्रावणांत किमान दोनदा पुन्हा घ्यावा.

शहाळ्याच्या पाण्याची परीक्षा

या पद्धतीचा खरा कस कोकण-गोव्यात सहज मिळणाऱ्या एका नमुन्यावर लागतो. 1941 मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोत्र्याच्या भ्रूणांच्या संवर्धनात नारळाचा द्रव वापरला. 1955 मध्ये कायनेटिन हे पहिले सायटोकायनिन सापडले, 1963 मध्ये लेथम यांनी कोवळ्या मक्यातून झिॲटिन हे नैसर्गिक सायटोकायनिन वेगळे केले, आणि पुढे नारळाच्या पाण्यातही याच गटातील द्रव्ये असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे शहाळ्याचे पाणी राजगिऱ्याच्या रोपांवर टाकून ‘त्यात सायटोकायनिन आहे’ हे दाखवणे हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प असतो. पण त्याच पाण्यात लिटरमागे साधारण दोन ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे 50 मिलिमोलरच्या आसपास, आणि त्याखेरीज मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड व शर्करा असतात. रंग वाढला तर श्रेय कोणाचे?

यावर उपाय राखेच्या नियंत्रकाचा आहे. शहाळ्याचे पाणी पोर्सेलीनच्या मुशीत आटवावे, उरलेला अंश मफल भट्टीत 500 अंशांवर पांढरी राख होईपर्यंत जाळावा, ती राख थोड्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून सामू मूळ पाण्याइतका करावा आणि पाणी घालून मूळ आकारमानावर आणावी. या द्रावणात बहुतेक क्षार जवळपास मूळ प्रमाणात उरतात, संप्रेरक आणि शर्करा जळून गेलेल्या असतात. शर्करेसाठी तेवढ्याच परासरण दाबाचे मॅनिटॉल या द्रावणात मिसळावे. मग चार डिश मांडाव्यात: शहाळ्याचे पाणी, राखेचे द्रावण, राखेच्या द्रावणात 0.5 मायक्रोमोलर बीएपी, आणि साध्या मूळ द्रावणात तेवढेच बीएपी. पहिल्या डिशचा रंग दुसऱ्यापेक्षा जितका अधिक, तितकीच सायटोकायनिनची बाजू धरावी. आणि तो आकडा बीएपीमध्ये बदलण्यासाठी प्रमाणवक्र राखेच्या द्रावणात काढलेला हवा, कारण तिसरी आणि चौथी डिश वेगळी निघाली तर साध्या द्रावणातला वक्र इथे लागू पडत नाही.

असे करूनही मिळणारा आकडा ‘बीएपीच्या तुलनेत इतकी क्रियाशीलता’ असाच लिहावा. नारळाच्या पाण्यात गिबरेलिन आणि अ‍ॅब्सिसिक आम्लही असते आणि ती दोन्ही या रंगाला मागे खेचतात, त्यामुळे खरे सायटोकायनिन त्या आकड्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता उरते. ती तपासायची असेल, तर शहाळ्याच्या पाण्यात ठाऊक मात्रेचे बीएपी मिसळून त्यातला किती भाग रंगाच्या रूपाने परत मिळतो, हे त्याच दिवशी, त्याच रोपांवर मोजून घ्यावे.